ऑलिव्हच्या मुलखातील एक विहीर

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात आम्ही गेलो ते सेकोयाचे महावृक्ष पाहण्यासाठी. ते पाहिलेही, परंतु त्यांचे वर्णन इतक्या प्रवाश्यांनी केले आहे की, त्यात आमची भर नको. या लेखात सांगावयाचे आहे ते एका विहिरीविषयी. ती आमच्या प्रवासाच्या बेतात मुळीच नव्हती, आणि आमच्या वडील बंधूंनी तिचे घोटभर पाणी तोंडात घेतले नसते, तर तिच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नसते.

आमचे दादा अकोल्याचे. चाळीस वर्षे शाळेत शिकविले, आता निवृत्त. हृदयाच्या विकारामुळे डॉक्टरांनी त्यांस मीठ अगदी बेताचे ठेवण्यास सांगितले आहे. त्यामुळे आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात गेली सहा वर्षे दोन आमट्या होतात, एक घरच्यांची व एक अळणी. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, त्या मुलखात नोकरीस आहे. आईवडिलांस कायमचे आपल्याजवळ आणावे, ही त्याची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी ट्यूलेअरी परगण्यात, डोंगराच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागेतील एक टुमदार घर त्याने हेरून ठेविले होते. "काका, तुम्ही उभयता येताच आहात, तर घरही एकदा नजरेखालून घाला," असे त्याने पत्राने कळविले. अशा रीतीने नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही सहा माणसे एका मोटारीत बसून दक्षिणेकडे निघालो.

नव्व्याण्णव क्रमांकाचा तो हमरस्ता खोऱ्याच्या मधोमध जातो. दोन्ही बाजूंस बदाम, द्राक्षे, कापूस, मध्येच दुभत्या गाईंचे प्रचंड गोठे. पहाटेचे धुके इतके दाट की, पुढच्या मोटारीचे तांबडे दिवे तेवढे दिसत. तेथे यास ट्यूली धुके म्हणतात व हिवाळ्यात त्यापायी मोठे अपघात होतात. दहाच्या सुमारास ते विरले आणि पूर्वेस सिएरा नेवाडाची बर्फाच्छादित रांग एकाएकी उभी राहिली. पायथ्याच्या चढावर गर्द हिरव्या संत्र्यांच्या बागा, त्यांत थंडीपासून फळ वाचविण्यासाठी उभे केलेले उंच पंखे, आणि मधून मधून रुपेरी पानांची ऑलिव्हची झाडे. वऱ्हाडातल्या माणसास संत्र्यांची बाग दिसली की, आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते. वहिनी तर मोटार थांबवून खाली उतरल्या.

एक गोष्ट मात्र येथेच सांगून ठेवली पाहिजे. पुढील सारी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. खोऱ्याच्या या दक्षिण भागातील पाणी साधारणतः समुद्रास मिळत नाही. डोंगरांतून येणाऱ्या नद्या पूर्वी ट्यूलेअरी नावाच्या विस्तीर्ण सरोवरात जमत. नद्यांचे पाणी शेतीकडे वळविले गेले तसतसे ते सरोवर आटले व त्याच्या तळावर शेते झाली. 2023 च्या अतिवृष्टीत ते पुन्हा अवतरले आणि शेते पाण्याखाली गेली. तात्पर्य, हे एक बंद खोरे आहे. पाणी येते, पिके पितात, ऊन पिते. पाण्याबरोबर आलेला क्षार मात्र येथेच राहतो. बाहेर जावयास त्यास वाट नाही.

घर छानच होते. लाकडी, एकमजली, पुढे ओटा. मालकीण ऐंशीच्या घरातील एक विधवा बाई. पती जाऊन बरीच वर्षे झाली, मुले दूरच्या शहरी. घर विकून आलेल्या पैशांवर वृद्धाश्रमात जावे, असा त्यांचा विचार. त्यांनी चहा विचारला. दादांनी नुसते पाणी मागितले. बाईंनी शीतकपाटातील विकतच्या पाण्याची बाटली काढली, तेव्हा दादा आपल्या मास्तरकीच्या इंग्रजीत म्हणाले, "नको नको, विहिरीचेच द्या." बाई क्षणभर घुटमळल्या. नंतर त्यांनी नळ सोडून पेला भरला.

दादांनी घोट घेतला, तोंडात घोळविला आणि आमच्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "अरे, हे तर आपल्या पूर्णेकाठचे पाणी!"

ज्यांस वऱ्हाड ठाऊक आहे त्यांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी निसर्गतःच खारट. कित्येक गावांत ते पिण्यास निरुपयोगी. दादांचे बालपण तशा एका गावी आजोळी गेले. चवीवरून पाणी ओळखण्याची विद्या त्यांस तेथे मिळाली. पण पूर्णेकाठचा खार निसर्गाने युगानुयुगे साठविलेला. येथे, बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी, जेथले पाणी एरवी गोड असावयाचे, तेथे हा खार आला कोठून?

उत्तर पाऊण मैलावर होते. बागेच्या वरच्या अंगास, चढाच्या बाजूस, मातीचे बांध घातलेली चार चौकोनी तळी आम्हांस दिसली. पाणी नव्हते, तळास पांढरट पापुद्रा, कडेला ठेंगणे खारे गवत. शेजारच्या बागेचा म्हातारा मालक ट्रॅक्टरवरून चालला होता, त्यास पुतण्याने विचारले. "ती होय? ती ऑलिव्हची तळी," तो म्हणाला. "कारखाना बंद होऊन कैक वर्षे झाली. तळी मात्र आमच्या पाण्यात अजून आहेत."

गावाचे व कारखान्याचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण पुढे कळेल. ऑलिव्हची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे.

हे झाड कॅलिफोर्नियात आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पॅनिश पाद्र्यांच्या मठांबरोबर. त्याचे फळ झाडावरून काढून तोंडात घातले तर आपला आवळा त्यापुढे पेढा वाटेल, इतके ते कडू. तो कडूपणा काढून फळ टिकविण्याचा धंदा तेथे एका स्त्रीने नावारूपास आणिला, हे आमच्या भगिनीवर्गास वाचून आनंद होईल. फ्रीडा एमान ही जर्मनीत जन्मलेली विधवा बाई. उतारवयात पैसा बुडालेला, पदरी ऑलिव्हची एक बाग तेवढी उरलेली. बर्कली येथील विद्यापीठाचे प्राध्यापक यूजीन हिलगार्ड यांच्याकडून तिने फळ मुरविण्याची कृती घेतली, घराच्या मागच्या पडवीत पिंपे मांडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओरोव्हिल येथे कारखाना काढला. योगायोग असा की, हेच हिलगार्ड खारवट व चोपण जमिनींच्या अभ्यासासाठी जगप्रसिद्ध आहेत. मीठ जमिनीचे काय करते हे ज्यास त्या काळी सर्वांहून अधिक ठाऊक होते, त्याच गृहस्थाच्या हातून ऑलिव्हची कृती गेली!

ती कृती ऐकून वहिनी म्हणाल्या, "हे तर आपल्या पापडखार नि लोणच्याचेच भावंड." खरेच आहे. फळे प्रथम मिठाच्या पाण्यात ठेवितात. हंगाम थोड्या आठवड्यांचा, कारखान्याचे काम वर्षभराचे, म्हणून खारात घातलेल्या कैऱ्यांप्रमाणे फळ महिनोगणती राखून ठेवावे लागे. मग कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात ती पुनःपुन्हा भिजवितात, त्यामुळे कडूपणा तुटतो. मध्यंतरी पाण्यातून हवा खेळवितात, तिने फळ काळे पडते. तो रंग पक्का बसावा म्हणून लोहाचा एक क्षार घालतात. शेवटी अनेक वेळा धुऊन, हलक्या मिठाच्या पाण्यात डब्यांत भरून, उच्च उष्णतेवर शिजवितात. ही शेवटची काळजी 1919 सालची. त्या साली डब्यांतील ऑलिव्ह खाऊन बोटुलिझमच्या विषाने माणसे दगावली, तेव्हापासून नियम कडक झाले.

आता गृहिणीच्या ध्यानात सहज येईल की, या प्रत्येक पायरीवर पाणी ओतून द्यावे लागते. आपल्या घरी कैऱ्यांच्या खाराची एक बरणी रिकामी झाली तर ते पाणी कोठे टाकावयाचे हे सासू सुनेस सांगून ठेवते. तुळशीत नको, मोगऱ्याच्या आळ्यात नको. कोकणात असाल तर माडाच्या बुंध्याशी चालेल, त्यास मीठ मानवते. येथे बरणीच्या जागी हौद आणि हौदांच्या रांगा. साठवणीच्या खारात शेकडा पाच ते दहा मीठ असे. शेकडा पाच म्हणजे लिटरला 50 ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते सारे क्षार मिळून 35 ग्रॅम असतात. म्हणजे समुद्राहून खारट असे हे पाणी, समुद्रापासून शंभरावर मैल दूर, डोंगराच्या पायथ्याशी रोज निर्माण होत होते.

ते गावच्या गटारात सोडावे तर सांडपाणी शुद्ध करणारे जंतू मरतात. शेतावर सोडावे तर पीक मरते. तेव्हा जुन्या काळी सर्वांत सोपा मार्ग असा: माळावर तळी खणावी, त्यांत हे पाणी सोडावे, आणि बाकीचे काम उन्हावर सोपवावे. त्या मुलखात मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. तळी आटत. पाणी आकाशात जाते असे लोकांस दिसे, आणि ते खोटेही नव्हते. पण जेवढे आकाशात जाई त्याखेरीज काही पाताळातही जाई, ते दिसत नसे. तळास ना चुना, ना प्लास्टिकचे अस्तर; नुसती चोपलेली माती.

येथे एक गैरसमज होता, तो मोठा शहाण्या माणसांचा होता म्हणून सांगतो. सोडियमने चिकणमाती फुगते व तिची छिद्रे बुजतात. चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, हे आपले शेतकरी जाणतातच. म्हणून तळ्याचा तळ आपोआप बुजेल, असे वाटावे हे साहजिक. परंतु पाणी स्वतःच अतिशय खारट असले की, तीच माती गोळा होऊन तिची छिद्रे मोकळी राहतात. तळे जितके खारट, तितके ते गळते राहण्याचा संभव अधिक.

झिरपलेले पाणी खाली भूजलास मिळाले म्हणजे काय होते? सांडपाण्यातील फळांचा गर, साखर वगैरे सेंद्रिय पदार्थ मातीतील जंतू खाऊन टाकतात. त्या खाण्यात भूजलातील प्राणवायू संपतो, आणि मग मातीत स्वस्थ बसलेले लोह, मँगनीज, कोठे कोठे आर्सेनिकसुद्धा सुटून पाण्यात उतरते. हे विष कारखान्याने घातलेले नव्हे. जमिनीचेच, पण जागे केलेले. मिठास मात्र कोणताही जंतू खात नाही. त्यातील क्लोराइड मातीस चिकटतही नाही. पाण्याबरोबर, पाण्याच्या वेगाने ते चालत राहते. तो वेग वर्षाकाठी काही फुटांपासून काही शे फुटांपर्यंत असतो. म्हणजे आजोबांनी सोडलेले पाणी नातवाच्या विहिरीत यावे, असा हा हिशेब. आणि सौम्य होऊन होऊन किती होणार? त्या खारातील एक लिटर पाणी सुमारे 120 लिटर निखळ गोड पाण्याचे क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर नेऊन ठेविते. ही मर्यादा कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यास शिफारस केलेली आहे. आपल्याकडील भारतीय मानकातही इष्ट मर्यादा 250 हीच आहे.

त्या रात्री आम्ही वायसेलियास मुक्काम केला. बाईंच्या नळाचे दोन कॅनभर पाणी दादांनी हट्टाने बरोबर घेतले होते. वहिनींनी त्यातील थोड्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली, उरलेल्या भांड्यात विकतच्या पाण्यात. तासाभराने विकतच्या पाण्यातील डाळ लोण्यासारखी, आणि विहिरीच्या पाण्यातील गोटागोटा. "मीठ आहे एवढ्यानेच डाळ अडली का?" पुतण्याने विचारले. तो रसायनशास्त्र शिकलेला, पण हे त्याच्या ध्यानी आले नव्हते; पुढे त्यानेच शोधून काढले. मिठाचे पाणी मातीतून जाते तेव्हा सोडियम मातीस धरून बसतो आणि त्याच्या जागी मातीतील चुना व मॅग्नेशियम सुटून पाण्यात येतात. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आघाडीस जड पाणी चालते. डाळीने जे सांगितले ते पुढे प्रयोगशाळेच्या कागदानेही सांगितले: क्लोराइड शिफारशीच्या मर्यादेबाहेर, जडपणा भरपूर, आणि सोडियम. अतिशय कडक पथ्याच्या माणसास पाण्यातून लिटरला 20 मिलिग्रॅमहून अधिक सोडियम जाऊ नये, असे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे आहे. येथे त्याच्या कितीतरी पट होता.

कोणास वाटेल, एवढ्या पुढारलेल्या राज्यात कायदा नाही काय? कायदा आहे, आणि चांगला आहे. 1969 सालचा पाण्याचा मुख्य कायदा तेथे भूजलासही लागू आहे. नव्या खाऱ्या तळ्यांस दुहेरी अस्तर, मधे गळती कळण्याची सोय, भोवती निरीक्षणाच्या विहिरी असे बंधन आहे. कारखान्यांनीही बरेच बदलले. साठवणीत मिठाऐवजी सौम्य आम्ले वापरण्याची रीत निघाली, कोणी सोडियमऐवजी पोटॅशियमचा खार घेऊ लागले, कोणी खारे पाणी टँकरांतून ओकलंडच्या समुद्रकाठच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेऊ लागले. केवळ ऑलिव्हवाल्यांचाच हा दोष नव्हे. चीज, टोमॅटो, मांस, द्राक्षासव, ज्या ज्या उद्योगात भांडी धुतली जातात तेथे क्षार आहे, आणि शेतीच्या पाण्यातील क्षाराचा वाटा त्याहूनही मोठा. 2006 साली सर्व खोऱ्यासाठी क्षारांचा एकत्र विचार करण्याची योजना सुरू झाली, तिचे नियम 2018 मध्ये मंजूर होऊन 2020 पासून अमलात आले. परंतु कायदा नव्या पाण्यास अडवू शकतो. जे मीठ पन्नास वर्षांपूर्वी खाली गेले ते कायदा वाचीत नाही. कारखाना बंद झाला तरी चालणे थांबवीत नाही.

वर उपसून शुद्ध करावे म्हटले तर गाळणीतून उरलेला खार पुन्हा टाकावयाचा कोठे? बंद खोऱ्यात प्रश्न फिरून दाराशी येतो.

म्हातारा शेजारी याबाबतीत व्यवहारी होता. त्याच्या बागेस फ्रायंट-कर्न कालव्याचे पाणी मिळते, सिएराच्या बर्फाचे. विहीर फक्त दुष्काळात. 2014 च्या दुष्काळात, जेव्हा याच परगण्यातील पूर्व पोर्टरव्हिलमध्ये घरोघरच्या विहिरी कोरड्या पडल्या, त्याने नाइलाजाने विहिरीवर भिस्त ठेविली, आणि संत्र्यांच्या पानांची टोके जळली. संत्र्यास क्लोराइड सोसत नाही. खालच्या तुकड्यात आता त्याने पिस्ते लावले आहेत, ते सोसतात. "झाड बदलता येते," तो हसून म्हणाला, "बायकोला बाटलीचे पाणी प्यावे लागते."

घर घ्यावयाचे नाही, हे तर ठरल्यासारखेच होते. पण त्याहून अवघड प्रश्न प्रयोगशाळेचा कागद हाती आल्यावर उभा राहिला, आणि त्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला. पुतण्याचे म्हणणे, "बाबा, आपण घेत नाही एवढे कळविले की झाले. हा कागद त्यांना दिला तर पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवणे त्यांना कायद्याने भाग आहे. मग घराची किंमत पडेल. त्यांना दुसरा आधार नाही." सूनबाईंचेही मत तेच, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही. तळी त्या बाईंनी खणली नव्हती. कारखान्याने कमावले ते कमावले, आणि बिल ऐंशी वर्षांच्या विधवेच्या पदरात घालावयाचे हा कोठला न्याय?

दादा म्हणाले, "आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी तान्हे मूल असले तर? की माझ्यासारखा म्हातारा? त्यांना चव ओळखता येईलच असे नाही. मी पूर्णेकाठचा म्हणून वाचलो."

"पण बाबा, त्यांना माहीत असणारच. नाहीतर बाटली कशाला काढली असती?"

"माहीत असेल. कागदावर नसेल."

वहिनी मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, "कागद टपालाने पाठवू नका. आपण जाऊन देऊ."

त्याप्रमाणे परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा तेथे थांबलो. बाईंनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून टेबलाच्या खणात ठेविला. "माझ्या यजमानांनी एकदा तपासून घेतले होते," त्या म्हणाल्या, "त्या वेळी आकडे लहान होते." पुतण्याने त्यांस सांगितले की, गावच्या नळाची वाहिनी अर्ध्या मैलावर आली आहे, असे घर तिला जोडण्यासाठी राज्याकडून साहाय्य मिळू शकते, 2019 पासून त्यासाठी वेगळा निधी आहे, अर्ज तो स्वतः भरून देईल. बाईंनी मान हालविली. अर्ज भरला गेला; आम्ही भारतात परत येईपर्यंत त्याचे उत्तर आले नव्हते, आणि घरही विकले गेले नव्हते. म्हणूनच गावाचे नाव आम्ही दिले नाही.

निघताना त्यांनी परसातील झाडाची दहा-बारा संत्री पिशवीत घालून वहिनींच्या हाती दिली. देठास पाने होती आणि प्रत्येक पानाचे टोक तपकिरी, जळल्यासारखे. मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादांनी एक संत्रे सोलले, फोड तोंडात घातली, आणि आम्हां सर्वांचे त्यांच्या तोंडाकडे लक्ष लागले.

"गोड आहे," ते म्हणाले, आणि उरलेल्या फोडी मागे दिल्या.